चिकटवलेली पानं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच — तिने माझा पदवीदानाचा फोटो देवघरात लावलाय, तिला काय सांगणार? तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच झाला म्हणा.

माझे विद्यार्थी मला पाठीमागे 'ब्लँकबाई' म्हणतात. कुणीही आलेख घेऊन आलं की मी आधी विचारते — ब्लँक कुठाय? म्हणजे ज्यात मुख्य पदार्थ घातलेलाच नाही, असा पडताळणीचा प्रयोग. तो नसेल तर मी कागदाकडे बघतसुद्धा नाही. मुलांना वाटतं, बाई फार काटेकोर. वाटू दे. करून करून भागली आणि देवपूजेला लागली, हे त्यांना कोण सांगणार?

दोन हजार चारच्या सुमाराची गोष्ट. मी सांगलीहून चेन्नईला पीएच.डी.साठी गेले होते. काम थोडक्यात असं — पेशीच्या पातळ आवरणात रुतून बसलेलं एक प्रथिन, आणि त्याला एका औषधाचा रेणू चिकटतो का, ते पाहायचं. चिकटला तर उष्णतेत किंचितसा फरक पडतो. तो मोजणारं यंत्र होतं. खाली कुपीत प्रथिन, वर सुईत औषध. एकेक थेंब सोडायचा, आणि दर थेंबाला संगणकावर एक टोक उमटायचं.

माझी टोकं देखणी आली. आमचे सर मोजकं बोलणारे, पण त्या दिवशी त्यांनी अख्ख्या प्रयोगशाळेला कॉफी पाजली. शोधनिबंध छापून आला, माझं नाव पहिलं. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने त्याच्या जोरावर मला पुढच्या वर्षीची जागाही देऊ केली. मी काही महिने जमिनीवर नव्हतेच.

मग सुगुणा आली.

सुगुणा राव. चेन्नईतल्याच मैलापूरची, तंजावरच्या मराठी घरातली. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेली माणसं, मराठी बोलायची ती तमिळच्या चालीवर, आणि शब्द असे की मी फक्त जुन्या पोथीत पाहिलेले. प्रयोगशाळेत मराठी बोलणारं कुणी आहे म्हटल्यावर तिला केवढा आनंद झाला होता! पहिल्याच दिवशी मला 'अक्का' म्हणाली. आमच्याकडेही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. डब्यातल्या दहीभातासोबत माझ्यासाठी ताकातल्या तळलेल्या मिरच्या वेगळ्या पुडीत आणायची. आणि मी? फोनवर माझ्या बहिणीला तिच्या बोलण्याची नक्कल करून हसवायचे. मिरच्या खाऊन, वर नक्कल.

पण मला जे सांगायचंय ते हे नाही. मी उगाच फेऱ्या मारतेय.

सरांनी तिला काम दिलं ते माझंच पुढे न्यायचं. आधी माझा प्रयोग तसाच करून दाखव, मग दुसरी औषधं घे. तिने केला. टोकं आलीच नाहीत, संगणकावर नुसती सरळ रेघ. पुन्हा केला — रेघ. तीन आठवडे रेघच. ती माझ्याकडे येऊन विचारायची, अक्का, माझं काय चुकतंय? मी तिला मोठेपणाने चार गोष्टी सांगायचे. पण आत कुठेतरी पाल चुकचुकली होती.

एका रविवारी दुपारी कुणी नसताना मी ब्लँक केला. आधीच करायला हवा होता, निबंध पाठवण्याआधी. केला नव्हता — टोकं एवढी देखणी होती! कुपीत प्रथिन घातलंच नाही. सुईतून औषध सोडलं. आणि तीच टोकं आली. तेवढीच उंच.

औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून ते डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवायचं. मी ते द्रावक वर सुईत घातलं होतं, खाली कुपीत घालायला विसरले होते. चुन्यात पाणी ओतलं की तापतं ना, तसलाच प्रकार. दोन द्रव मिसळताना होणारी उष्णता मी मोजत होते आणि म्हणत होते, रेणू चिकटला. सुगुणाने दोन्हीकडे द्रावक सारखं ठेवलं होतं. तिला त्यात विशेष काही वाटलंही नव्हतं, तसंच करायचं असतं ना? तिची सरळ रेघ खरी होती.

सवयीने मी सगळं वहीत लिहून बसले होते. आमच्या वहीच्या पानांना आकडे छापलेले असायचे, पान फाडलं तर लगेच कळणार. मग मी डिंक घेतला. चौसष्ट आणि पासष्ट एकमेकांना चिकटवली. त्रेसष्टनंतर थेट सहासष्ट.

इथवरचं कदाचित पुष्कळांच्या हातून होत असेल. पुढचं ऐका.

सुगुणाचा पहिल्या सहा महिन्यांचा आढावा आला. समितीपुढे जाण्याआधी सरांनी मला एकटीला बोलावलं. सरळ विचारलं — तुझा प्रयोग चुकलाय, की तिचा हात? माझ्यावर त्यांचा विश्वास होता. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, सर, ती आदल्या दिवशीचे फुगे वापरते.

प्रथिन धरून ठेवायला आम्ही चरबीचे अगदी बारीक फुगे बनवायचो. ते रोज सकाळी ताजे करायचे, ते शिळे झाले की प्रयोग संपला. सुगुणा पहिल्या बसने यायची, साडेसहाला. रोज ताजे करायची. हे पाहणारी मी एकटीच होते, कारण प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असायची. खोटं बोलायला मी नेमकी तीच गोष्ट निवडली, जिला साक्षीदार मीच होते. किती हुशार, नाही?

सरांनी तिला माझ्यासमोर विचारलं. ती नाही म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं — अक्का सांगेल म्हणून. मी खाली टेबलाकडे पाहत राहिले.

तिची नोंदणी पुढे चालू ठेवली नाही. जाताना तिने माझ्यासाठी मिरच्यांचा अख्खा डबा आणला. "परवाइल्ले, अक्का," म्हणाली. म्हणजे, असू दे.

मी का केलं? परदेशातली जागा जाईल म्हणून. निबंध मागे घ्यावा लागेल म्हणून. आई गावभर सांगत सुटली होती म्हणून. बघा, कारणं सांगताना जीभ कशी भराभरा चालते! तो निबंध अजून तसाच आहे. कुणी त्यातला प्रयोग करून पाहिला असेल, तर रेघ बघून आपलाच हात वाईट असं समजून गप्प बसला असेल.

चार-पाच वर्षांनी मी चुलतबहिणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला चेन्नईच्या टी. नगरला गेले होते. गर्दीत मागून हाक आली, "अक्का!" सुगुणा. थोडी जाड झालेली, हाताला धरलेली लहान मुलगी. श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होती, रोज कंपनीच्या बसने जायची. मुलीला म्हणाली, "यांनीच मला यंत्र शिकवलें, नमस्कार कर." मुलीने भर दुकानात वाकून माझ्या पायाला हात लावला.

मी विचारलं, काम कसं चाललंय? विचारायला दुसरं काही सुचलं नाही.

"बरें चाललें, अक्का," ती हसून म्हणाली. "माझा हात बरोबर नाही म्हणून तेव्हांच कळलें की. आतां प्रत्येक मोजणी मी दुसऱ्याकडून पुन्हा करवून घेतें."

तेव्हा सांगता आलं असतं. ती समोर उभी होती, मला घाई नव्हती. मी म्हणाले, छान, काळजी घेतलेली बरी. आणि साडीचा पदर उलगडून रंग बघायला लागले.

तिचा हात उत्तम होता. आमच्या प्रयोगशाळेत तसा दुसऱ्या कुणाचाच नव्हता. हे मला तेव्हाही माहीत होतं.