दोन यंत्रं आणि पाच जबान्या

अकोल्यात हवामानाच्या नोकरीत असताना आम्ही फुग्याला यंत्र बांधून आकाशात सोडत असू. खूप उंचावर, ओझोन वायूच्या थराकडे जाताना थंडी वाढायची कुठे थांबते, हे ते यंत्र पत्र्याच्या तुकड्यावर ओरखडे काढून टिपायचं. फुगा वर जाऊन फुटायचा आणि यंत्र कुठेतरी शेतात पडायचं. त्यावर चिठ्ठी चिकटवलेली असे: उघडू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात द्या.

ती चिठ्ठी आम्ही लिहीत होतो, याचा मला आजही संताप येतो.

लढाईचे दिवस होते. मोर्शीकडच्या एका माळ्याच्या संत्र्याच्या बागेत आमचा फुगा पडला, ताडून पाहण्यासाठी एकाच दोरीला बांधलेल्या दोन यंत्रांसह. चिठ्ठी कुणाकडून तरी वाचून घेऊन माळी आपल्या चार भावांबरोबर यंत्रं घेऊन ठाण्यात गेला. फौजदाराला तो बॉम्ब वाटला. ठाण्यातून निरोप आल्यावर मी पोचलो तेव्हा भिंतीवर रक्ताचे शिंतोडे होते आणि माळ्याची उजव्या हाताची बोटं विटेनं ठेचलेली होती.

"कागदावर लिहेल होतं ना जी, ठान्यात देजा मनून," तो मला एवढंच म्हणाला.

"पाचही जनं एकच बोलून राहिले," फौजदार म्हणाला. "बॉम्ब आहे मनून कबूल केलं, शब्दाचा फरक नाई. मंग खोटं कसं? उद्या अमरावतीले धाडतो. फासावर जातीन."

माझं डोकं फिरलं. "एकाच चुकीच्या थर्मामीटरवरून लावली, तर माझी दोन्ही यंत्रं अगदी एकच आकडा दाखवतात, आणि दोन्ही चूक दाखवतात," मी म्हणालो. "तुम्ही या पाचही जबान्या एकाच काठीनं लावल्यात."

ती काठी माझ्या तोंडावर बसली. दोन दात तिथेच पडले.

मग मी ती यंत्रं ओढून घेतली, फरशीवर टाकली आणि दारातला दगड उचलून घाव घालत सुटलो. शिपाई जीव घेऊन अंगणात पळाले. आत निघाल्या दोन स्प्रिंगा, थोडी तार आणि पत्र्याचे दोन तुकडे. ज्या ओरखड्यांसाठी एवढा खटाटोप केला, ते माझ्याच हातानं चेचले गेले. फौजदारानं तुकडे चाळून पाहिले. दारू कुठेच नव्हती. संध्याकाळी त्यानं पाचही जणांना सोडलं.

माळी ठेचलेला हात छातीशी धरून बाहेर आला. "साहेब, आता पडलं तं कुऱ्हाडीनं तोडून हिरीत टाकून देऊ."

"टाका," मी म्हणालो.

त्या भागातून पुढे आमचं एकही यंत्र परत आलं नाही.