कमलाक्षीबाईंचं औषध

काविळीला औषध कमलाक्षीबाईंचंच, हे तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत कुणी कुणाला विचारतसुद्धा नसे. सासूनं शिकवलेलं: विहिरीकाठची कीळानेल्ली, म्हणजे आपली भुईआवळी, वाटून ताकातून तीन सकाळी द्यायची. पैसा घ्यायचा नाही. आणि आठ दिवस पथ्य, म्हणजे मीठ बंद, तेल बंद, दुसरं औषध पोटात जाता कामा नये. तीस वर्षं बाई हे देत आल्या, माणसं बरी होत गेली. गर्व चढणारच हो, का नाही चढणार?

नव्व्याण्णव साली त्यांचा एकुलता एक मुलगा हरिप्रसाद पिवळा पडला. ओरत्तनाडूच्या शाळेत गणित शिकवायचा. डॉक्टर सांबशिवांनी रक्त तपासून सांगितलं, "ही साधी कावीळ नाही. बी विषाणू आहे, लिव्हर झपाट्यानं खराब होतंय, रक्त गोठायला वेळ लागतोय. दवाखान्यात राहा. नाहीच जमलं, तर विषाणूवरची ही नवी गोळी आजपासून रोज एक, आणि परवा पुन्हा दाखवा."

हरी गोळ्या घेऊन घरी आला. बाईंनी पाकीट त्याच्या हातातून काढलं आणि देवघरात ठेवलं.

"आधी आपलं होऊ दे. मग घे की. पथ्य मोडलं तर दोन्ही बाधतील."

"आई, ते आजपासूनच घे म्हणालेत."

"त्यांचा जन्म झाला नव्हता तेव्हापासून हे औषध आहे."

गणिताचा मास्तर, पण जन्मभर या ओसरीवर बरी होऊन गेलेली माणसं पाहिलेला. ताक प्यायला. परवाचा दिवस उलटला, कुणी डॉक्टरांकडे गेलं नाही.

सहाव्या दिवशी तो भरदुपारी अंथरुणातूनच शाळेतल्या पोरांची हजेरी घ्यायला लागला. आईलाही ओळखेना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या किती झाल्या?" बाईंनी पदराआडून पाकीट काढलं. न फोडलेलं. डॉक्टरांनी हरीला लगेच दाखल करून घेतलं. तिसऱ्या दिवशी हरी गेला.

"घेतली असती तर वाचला असता का?" बाईंनी नंतर विचारलं.

"छातीठोक सांगता येणार नाही. संधी होती," ते म्हणाले. "तुमच्याकडे येतात ती बहुतेक साध्या काविळीची. ती नुसत्या विश्रांतीनंही बरी होतात."

म्हणजे तीस वर्षं मी काय केलं, हे त्यांना विचारायचं राहून गेलं. घरी येऊन त्यांनी भुईआवळी मुळासकट उपटली. गल्लीत एकानंही त्यांना दोष दिला नाही. तेवढंच आयुष्य होतं म्हणे! कुणीतरी तोंडावर शिव्या घालाव्यात, असं त्यांना फार वाटे.

दोन महिन्यांनी गल्लीतले बाळकृष्णराव नातीला घेऊन दारात आले. पोरीचे डोळे हळदीसारखे.

"डॉक्टरांकडे न्या. याच हातानं मी हरीला मारलं," बाई म्हणाल्या.

"असं बोलू नये. तुमच्या हाताला गुण आहे," म्हणत ते विहिरीकडे वळले. पावसानं भुईआवळी पुन्हा उगवली होती. त्यांनी स्वतःच खुडली, घरी नेऊन वाटली. बाई उंबऱ्यातून "नको, नको" म्हणत राहिल्या.

पोरगी बरी झाली. बाळकृष्णराव तिला घेऊन गोड पोंगलचा द्रोण द्यायला आले.

"पाहिलंत? औषध तुमचंच."

पोरगी वाकून पाया पडली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि लगेच काढून घेतला.