विश्रांतीचा रकाना

कारखान्यात त्यांना सगळे घड्याळमास्तर म्हणायचे, आणि ते काही प्रेमाने नव्हे. पंखे बनवणाऱ्या त्या कारखान्यात कुठलं काम किती वेळात व्हायला हवं हे ठरवणं, ही त्यांची नोकरी. हातात स्टॉपवॉच, काखेत फळी, फळीला चिमट्याने अडकवलेला कागद, असे ते कामगाराच्या मागे येऊन उभे राहिले की चांगल्या धडधाकट माणसाचे हात जड व्हायचे. एरवी चाळीस सेकंदांत बसणारं पातं मास्तरांसमोर सत्तर सेकंद घ्यायचं. मास्तर हे ओळखून होते. माणसं वयापेक्षा वेळेबद्दल जास्त खोटं बोलतात, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते कुणी विचारलं नाही तरी ऐकवायचे.

पद्धत ठरलेली. अख्खं काम एकदम मोजायचं नाही, त्याचे तुकडे पाडायचे. पातं उचललं हा एक तुकडा, बसवलं हा दुसरा, स्क्रू आवळले हा तिसरा. तुकडा संपला की बटण दाबायचं. काटा टुणकन शून्यावर येतो आणि तिथून पुढचा तुकडा सुरू. मधे माणूस घाम पुसायला थांबला तर तो वेळ कामात धरायचा नाही. त्याच्यासाठी कागदावर वेगळा रकाना असतो, विश्रांतीचा. एकतीस वर्षं हेच केलं. उजव्या अंगठ्याला त्या बटणाचा घट्टा पडला होता.

त्यांना एकच मुलगी. घरात तिला बेबी म्हणत, आणि ती बत्तीस वर्षांची झाली तरी बेबीच राहिली. सोळाव्या वर्षी शाळेच्या जिन्यात तिला पहिली फिट आली. मास्तर कारखान्यात होते, बायको धावत गेली. तिथे जमलेल्यांपैकी कुणीतरी शहाण्याने दातखीळ उघडायला पोरीच्या तोंडात चमचा घातला, आणि समोरचा एक दात कायमचा गेला. त्याचा राग मास्तरांच्या डोक्यातून पुढे कधी उतरलाच नाही. फिटमधे माणूस जीभ गिळत नाही, तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं, हे त्यांनी त्यानंतर निदान शंभर लोकांना सांगितलं असेल. त्यातल्या नव्वदांनी मान डोलावली आणि पुढच्या वेळी पुन्हा चमचा शोधला.

पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ चालली?" शाळेच्या बाई म्हणाल्या अर्धा तास. शिपाई म्हणाला पाच मिनिटं. बायको म्हणाली, मला विचारू नका, मला जन्म गेल्यासारखं वाटलं. डॉक्टरांनी कागदावर अर्धा तास लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह बघून मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरगी आजारी, आणि नोंद अशी गबाळी! त्याच दिवशी त्यांनी एक वही आखली.

पुढची फिट घरात आली. बायको बेबीला कुशीवर धरून बसली होती आणि मास्तर वर उभे राहून घड्याळात बघत होते. शेजारीण दारातून हे बघून गेली आणि चार घरी सांगून आली की माणूस आहे की दगड, पोटची पोर तडफडते आणि हा सेकंद मोजतो. मास्तरांच्या कानावर ते आलं. त्यांनी लक्ष दिलं नाही, निदान तसं दाखवलं.

निदान व्हायला मात्र दोन वर्षं गेली, आणि ती दोन वर्षं म्हणजे नुसता संताप. डोक्याला वायरी लावून मेंदूचा आलेख काढला, तो चांगला आला. आलेख चांगला म्हणजे आजारच नाही, असं एका डॉक्टरने ठरवून टाकलं. अभ्यासाचं टेन्शन आहे, म्हणाला. मास्तरांनी विचारलं, "टेन्शनने दर वेळी डावा अंगठाच आधी उडतो का?" डॉक्टर म्हणाला, तुम्ही बाहेर बसा. त्याने बेबीला एकूण तीन मिनिटं चाळीस सेकंद दिली होती. मास्तरांनी तेही वहीत लिहिलं.

शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी ती वही मागून घेतली आणि खरोखर वाचली. डावा अंगठा, आठ सेकंद. मग कोपरापर्यंत हात, पंधरा सेकंद. मान डावीकडे, सहा सेकंद. मग सगळं अंग. प्रत्येक वेळी हाच क्रम. बाई म्हणाल्या, "हे टेन्शन नाही. फिट मेंदूच्या एकाच जागेवरून सुरू होतेय. आलेखात प्रत्येक वेळी पकडली जाईलच असं नाही, पण तुमच्या वहीत सापडली." मास्तर घरी आले ते छाती काढूनच. दगड म्हणणाऱ्या शेजारणीच्या दारावरून मुद्दाम सावकाश चालले.

मग गोळ्या सुरू झाल्या. एकीने बेबी दिवसभर पेंगायची, दुसरीने हिरड्या सुजल्या, तिसरी लागू पडली. बरीच वर्षं बरी गेली. बेबी पुस्तकबांधणीच्या दुकानात लागली. शिवण, चिकटवणं, पुठ्ठा चढवणं यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कातरयंत्राला मात्र तिला हात लावू देत नसत, आणि त्यावरून ती मालकाशी अधूनमधून भांडायची. बापाच्या वह्या तीच बांधायची, काळ्या कापडी पाठीच्या. फिट क्वचित यायची. शुद्धीवर आली की तिचा पहिला शब्द ठरलेला असायचा, "किती?" आणि किती फिट आल्या ते मास्तर सांगायचे, एक, किंवा दोन.

मास्तर निवृत्त झाले आणि वर्षभरात आजाराने पुन्हा डोकं वर काढलं. डॉक्टरीणबाई तोपर्यंत नोकरी सोडून गेल्या होत्या. त्यांच्या जागी दर दोन महिन्यांनी नवा चेहरा यायचा, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. त्यातल्याच एकाने नाकात मारायचा औषधाचा फवारा लिहून दिला. दाराकडे बघत, पुढच्या पेशंटला हात करत म्हणाला, "फिट पाच मिनिटांच्या वर गेली की मारायचा आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची. किंवा लागोपाठ आल्या आणि मधे शुद्ध नसेल तर." मास्तर पहिलं वाक्य लिहून घेत होते. ते लिहून होईपर्यंत दुसरं बोलून झालं होतं. फवाऱ्याचा खोका त्यांनी घड्याळाच्या शेजारी ठेवला आणि खोक्यावर ठळक लिहिलं, पाच मिनिटं.

त्या वर्षात बेबी दोनदा दवाखान्यात पोचली. दुसऱ्या वेळचं तर विचारू नका. दुपारची वेळ, जेवणं आटपली होती. बेबीचा डावा अंगठा उडाला, मास्तरांनी बटण दाबलं. तीन मिनिटांनी अंग ढिलं पडलं. बटण, काटा शून्यावर. मिनिटभराने पुन्हा सुरू झालं, अडीच मिनिटं. बटण. दीड मिनिट शांत. बटण. मग तिसरी.

"अहो, द्या ना ते औषध," बायको म्हणाली.

"अगं, पाच झाली नाहीत."

"तिचे ओठ बघा."

"तीन मिनिटं दहा सेकंद झालीत. नियम म्हणजे नियम."

चार मिनिटांनी तिसरीही थांबली. खोका न उघडता तसाच राहिला. ओठ निळे पडले होते, म्हणून बायकोनेच ॲम्ब्युलन्सला फोन केला. दवाखान्यात दोन दिवस बेबी नुसती घोरत पडली होती, आणि उठली तेव्हा तिचे शब्द हरवले होते. उशीला ती कप म्हणाली. आईला, अगं ती ही, म्हणाली. आपण भलतंच बोललो हे तिला कळायचं, आणि मग ती उशी भिंतीवर फेकायची. बारा दिवस हे चाललं. मालकाने निरोप पाठवला, बरी झाली की ये, पण सुरी-कातरीचं काम आता मी तिला देणार नाही. आणखी अशी एक आली, तर परत येतील ते शब्द येतील, नाहीतर नाही, असं घरातल्या तिघांनाही कळत होतं. 

मास्तर सगळ्यांवर ओरडत होते. गोळ्या बदलणाऱ्यांवर, वही न वाचणाऱ्यांवर, औषध संपलंय म्हणणाऱ्या दुकानदारावर. पुढच्या तपासणीला त्यांनी वही टेबलावर आपटली. "एकही फिट पाच मिनिटांची नाही, तरी मुलगी अशी होते. मग तुमचा नियम चुकीचा आहे, नाहीतर गोळ्या."

डॉक्टर नेहमीप्रमाणे घाईत होते. वही उचलली ती तिथल्या सिस्टरने. चाळिशीची, चष्मा नाकावर घसरलेला, फिटच्या पेशंटांची यादी तीच सांभाळायची. तिने पान शोधलं आणि बोट ठेवून वाचू लागली.

"तीन मिनिटं. मग हे काय, विश्रांती?"

"मधली वेळ. झटके नव्हते ती."

"या एका मिनिटात ती बोलली?"

"नाही."

"डोळे उघडले? हाक मारल्यावर बघितलं?"

मास्तर थांबले. तसा रकानाच त्यांच्या वहीत नव्हता. "बघितलं नाही बहुतेक. घोरत होती."

सिस्टरने पेन घेतलं आणि वहीच्या कडेला बेरीज मांडली. तीन, एक, अडीच, दीड, चार. खाली बारा लिहिलं. "बाबा, या तीन फिट नाहीत. शुद्ध आलीच नाही म्हणजे ही एकच आहे, बारा मिनिटांची. ती विश्रांती घेत नव्हती. फवारा दुसरी सुरू झाली तेव्हाच द्यायला हवा होता."

तिने हे रागावून म्हटलं असतं तर मास्तर भांडले असते. ती रागावली नव्हती. तिने मागची पानंही उलटली, आणि पहिल्या दवाखान्याच्या वेळची बेरीज मांडली. तिथे नऊ आले.

घरी जाताना मास्तर बसमधे वही मांडीवर उघडून ती बेरीज बघत होते. बेबी खिडकीशी झोपली होती. बायकोने दोनदा विचारलं, काय म्हणाली ती सिस्टर. घरात शिरल्यावर चपलाही न काढता ते म्हणाले, "तू म्हणत होतीस तेव्हा द्यायला हवं होतं." बायकोने हातातली पिशवी खाली ठेवली. तिला सोळा वर्षांचं खूप काही बोलता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "खोका आता माझ्याकडे द्या." आणि तो तिने पदराआड धरावा तसा नेऊन स्वतःच्या उशापाशी ठेवला.

अठरा दिवसांनी, सकाळी. बेबी कपड्यांच्या घड्या घालत होती आणि अंगठा उडाला. बायकोने तिला कुशीवर घेतलं, घडी घातलेला टॉवेल डोक्याखाली सरकवला. मास्तरांनी बटण दाबलं. दोन मिनिटं वीस सेकंदांनी अंग ढिलं पडलं, आणि त्यांचा अंगठा सवयीने पुन्हा बटणावर गेला. एकतीस वर्षांचा तो अंगठा, सांगून ऐकतोय थोडाच. त्यांनी घड्याळ डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात मुठीत आवळला. मग खाली बसले. फिट चालू असताना ते जमिनीवर बसले, असं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

"बेबी," त्यांनी हाक मारली. "बेबी, माझ्याकडे बघ." तिने बघितलं नाही. पुन्हा हाक मारली. पापणीसुद्धा हलली नाही. आणि डावा अंगठा परत उडू लागला.

काटा तीन मिनिटं पन्नास सेकंदांवर होता. "दे," ते म्हणाले. बायकोने खोका आधीच फाडला होता. फवारा मारला आणि मास्तरांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. फोनवरच्या माणसाने विचारलं किती वेळ झाला, आणि पहिल्यांदाच त्यांनी एकच आकडा सांगितला. अजून दोन मिनिटांनी झटके थांबले. ओठांचा रंग तसाच होता, लाल.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी येऊन तपासलं. तोवर तिने डोळे उघडले होते, आईचं बोट धरलं होतं. तासभर थांबून, दवाखान्यात फोनवर बोलून ते गेले. बेबी पलंगावर पडून छताकडे बघत होती. दोघं तिच्या तोंडाकडे बघत बसले होते, काय बोलते म्हणून.

"किती?" ती म्हणाली.

"एक," मास्तर म्हणाले.

"एकच?"

"हो." आता गप्प बसता आलं असतं. "मागच्या वेळीही एकच होती बेबी. मी तीन सांगितल्या, त्या तीन नव्हत्या. बारा मिनिटांची एक होती."

तिने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. जिभेवर औषधाची गुंगी होती, तरी शब्द एकेक करून नीट आले. "मग तेव्हा औषध का नाही दिलं?"

मास्तरांकडे एरवी प्रत्येक गोष्टीचं कारण तयार असायचं. डॉक्टरची घाई होती, नियम अर्धाच ऐकला होता, खोक्यावर तसं लिहिलं होतं. त्यातलं एकही त्यांनी काढलं नाही.

"मोजत होतो," ते म्हणाले.

 बेबीने भिंतीकडे तोंड केलं.

"उशी द्या," ती म्हणाली.

शब्द बरोबर होता. मास्तर उठले आणि उशी आणायला गेले.