अ‍ॅडाबाईंचे चौदा चित्रपट

अ‍ॅडाबाई समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ देत नसत. अमेरिकेत रेडमंडला राहायला आलो त्याच आठवड्यात माझ्या गाडीनं त्यांचा कचऱ्याचा डबा फोडला, म्हणून माफी मागायला गेलो. गाडीचा वेग, रस्त्याचा उतार, पाऊस, सगळं नीट सांगत होतो. त्यांनी हात वर केला. "भिजलेला माणूस, हातात फुटका डबा. कळलं. आत ये."

मूकपटांच्या काळात, ऐन विशीत, या बाई हॉलिवूडमध्ये पटकथा लिहीत. २००३ साली त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. किती चित्रपट लिहिले म्हणून विचारलं, तर सोमवारी चाळीस सांगत, गुरुवारी साठ. मी वैतागायचो. त्या म्हणत, "मोजायला मालक होता. मी लोकांना रडवायचे." माझी बायको मलाच बोलायची, "अहो, या वयात त्यांचं ऑडिट कसलं करताय?"

पण मोजायची वेळ आलीच. एका चित्रपट-संग्रहालयानं जुन्या पटकथाकारांच्या नावांचा कायमचा फलक लावायचं ठरवलं. अट एकच: निदान पंधरा चित्रपटांवर नाव असल्याचा पुरावा. अ‍ॅडाबाईंना त्या फलकावर यायचं होतं. तसं त्या एकदाच बोलल्या, तेही खिडकीबाहेर बघत. "फिल्म जळून गेल्या. नाव तरी कुठे राहू दे."

दोन महिन्यांचे शनिवार-रविवार मी लायब्ररीत जुनी वर्तमानपत्रं चाळण्यात घालवले. सापडले बरोबर पंधरा. पाठवण्याआधी यादी त्यांना दाखवली. त्यांनी भिंग लावून ती वाचली आणि नववं नाव खोडलं.

"हा मर्टलनं लिहिला. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. तिला दिवस गेल्याचं कळल्यावर स्टुडिओनं तिला काढलं आणि पडद्यावर माझं नाव घातलं."

"पण पुरावा तुमच्या नावाचा आहे."

"म्हणून तर खोडतेय. तेव्हा गप्प बसले. नोकरी हवी होती."

"बाई, चौदाच उरतात. चौदाला फलक नाही, मी तुम्हाला तीनदा सांगितलंय, नियमाप्रमाणे..."

"चौदा. पुरे, जोशी."

घरी येऊन मी बरीच आदळआपट केली. खोडाखोड नसलेली दुसरी प्रत माझ्याकडे होती. बायको म्हणाली, "तीच पाठवा की. त्यांना कोण सांगायला जातंय?"

मार्चमध्ये अ‍ॅडाबाई गेल्या. नऊ दिवसांनी संग्रहालयाचं नकाराचं पत्र आलं. त्या बाईंचा मला अजून राग येतो. पण मी पाठवली होती ती चौदाचीच यादी.