मनोऱ्याची तिथी

“तारीख सरकारची, तिथी आपली,” असं म्हणत तो हाराचा दोरा दातानं तोडायचा. जुन्या हुबळीतला हा फुलारी तुम्ही पाहिला असता तर तुम्हालाही चीड आलीच असती.

बाजारातल्या मनोऱ्याच्या घड्याळाला चावी द्यायचं काम माझं. शाळा मला फारशी लाभली नाही, पण घड्याळ माझ्या हातून कधी थांबलं नाही. मनोऱ्याच्या पायाच्या दगडाला पहिला हार या फुलाऱ्याचा. तेव्हापासून दर चैत्रात पायाभरणीच्या तिथीला तो दवण्या-मोगऱ्याचा हार दाराला बांधायचा. बाजाराची कमिटी मात्र मनोऱ्याचा वाढदिवस तारखेनं करायची, बँड लावून. कमिटीवाले हार मागायला आले की हा म्हणायचा, “वाढदिवस झाला की! झोपला होता काय री तुम्ही?” कमिटीनं एकदा तरी तिथी मानावी, एवढाच त्याचा हट्ट.

एकोणिसाव्या वर्षी तिथी आणि तारीख एकाच दिवशी आली. मी म्हटलं, सुटलो! सकाळी दार उघडून बसलो, तर याचा पत्ता नाही. घरी गेलो. हार ओल्या फडक्यात तयार.

“अण्णा, चला की. बँड वाजायला लागला.”

“बोलावणं आणलंस?”

“दरवर्षी काय बोलावणं येत होतं?”

“दरवर्षी मी माझ्या दिवशी जात होतो. आज न बोलावता गेलो तर त्यांच्या दिवशी गेल्यासारखं होईल. बरोदिल्ल.”

येणार नाही म्हणजे नाही. तसाच उन्हातून अध्यक्षांकडे गेलो. ते फेटा सावरत म्हणाले, “तिथीला तो आपणहून येतो की. आम्ही कशाला बोलवायचं?” पुन्हा याच्या घरी, पुन्हा मांडवात. शेवटी त्यांनी कागदी हार बांधला.

संध्याकाळी मांडव रिकामा झाल्यावर परत त्याला म्हटलं, “आता कोणी नाही. बांधा आणि मोकळे व्हा.”

“तिथी दुपारीच संपली, तम्मा.”

माझं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. हार त्यानं दारच्या गाईला खायला घातला. घालायच्या आधी मात्र त्यातला दोरा सोडवत बसला, तिच्या घशात अडकू नये म्हणून.

त्या पावसाळ्यात तो तापानं गेला. पुढच्या चैत्रात कमिटीवर नवे अध्यक्ष आले. त्यांनी कोणाला न विचारता त्याच्या दुकानावर बोलावणं धाडलं, तेही तिथीचं, अक्षता लावून. तिथं आता सायकल दुरुस्तीवाला बसतो. त्यानं कागद उलटसुलट पाहिला आणि मी रस्त्यानं चाललो होतो, तर मला हाक मारली.

“मामा, हे कोणाला आलंय?”