सुकाणूवरचा पोपट

तटरक्षक दलाच्या त्या जुन्या जहाजाला सगळे म्हातारी म्हणत आणि तिच्या सुकाणूवाल्याला पोपट. कप्तानाने हुकूम सोडला की तो जसाच्या तसा मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच चाक फिरवायचं, असा तिथला नियम. "जहाजावर शब्दन् शब्द झेलतात, घरी मात्र एकच काम तीनदा सांगावं लागतं," असं त्याची बायको चारचौघांत ऐकवायची. मिसरूड फुटायच्या वयात तो म्हातारीवर चढला आणि तिच्यावरच त्याचे केस पिकले. या जोडीने चोरटा माल नेणाऱ्यांचा पाठलाग केला, बंद पडलेल्या होड्या ओढून आणल्या. एकदा तर पुरातून उचललेल्या बाईचं बाळंतपण डेकवरच झालं. पुढे नवी जहाजं आली, पण समुद्र खवळला की पिटाळायचे ते म्हातारीलाच.

त्या दिवशी भर दुपारी अंधारून आलं आणि वायरलेसवर एकदम दोन हाका आल्या. डावीकडे प्रवाशांची लाँच बुडत होती, तिच्यात पोरंबाळं होती. उजवीकडे एक मासेमारी होडी इंजिन बंद पडून खडकांकडे ढकलली जात होती. होडीतून बोलणाऱ्याचा आवाज पोपटाने लगेच ओळखला. धाकटा भाऊ! म्हणजे सोबत त्याचा मेहुणा, बायकोचा भाऊ, असणारच. ते दोघे एकमेकांना सोडून कधी समुद्रावर जातच नसत.

"सुकाणू पूर्ण डावीकडे," कप्तान म्हणाला.

पोपट गप्प.

"अरे, ऐकू आलं का?"

सांगावं का, होडीत माझा भाऊ आहे म्हणून? कप्तान भला माणूस. त्याने हुकूम फिरवला तर? त्या 'तर'चीच पोपटाला भीती वाटली.

"सुकाणू पूर्ण डावीकडे," तो कसंबसं म्हणाला आणि चाक फिरवलं.

लाँचवरची माणसं एकेक करून वर घेतली जात होती. तिकडे वायरलेसवर भाऊ आधी चिडला, मग गयावया करू लागला, आणि मग आवाज येईनासाच झाला. शेवटचं पोर वर आलं तसं जहाज वळलं. म्हातारी वळायला मुळातच जड. पोपट दात-ओठ खात तिला शिव्या घालत होता, तिच्या हातापाया पडत होता.

भाऊ सापडला. फळकुटाला धरून तरंगत होता, एकटाच. मेहुण्याला लाटेने नेलं होतं. उजेड असेपर्यंत म्हातारीने तिथे घिरट्या घातल्या, पण तो काही दिसला नाही.

ब्लँकेट गुंडाळून भाऊ चाकाजवळ आला. "दादा, आमची हाक ऐकू आली नव्हती का रे?"

नाही म्हणून मोकळं होता आलं असतं.

"आली होती. तुझा आवाजही ओळखला होता," पोपट म्हणाला. "चाक माझ्याच हातात होतं."

भाऊ चाकापासून मागे सरला. "मग माझ्या बायकोला तूच सांग. माझ्याने व्हायचं नाही."

जहाज धक्क्याला लागलं तशी भावजय गर्दीतून वाट काढत पुढे आली. नवरा दिसताच तिला रडू फुटलं. मग तिने पोपटाचे दोन्ही हात घट्ट धरले.

"भाऊजी, तुम्ही होतात म्हणून हो! माझा भाऊ अजून आतच आहे का?"