पाच नंबरच्या मशीनची गोधडी

धसईच्या बाजारात एका शिंप्याकडे राहीने अकरा वर्षं काज-बटणं केली. शिंपी मशीनवर बसायचा, राही खाली पोत्यावर. एवढ्या वर्षांत तिने मशीनला कधी हात लावला नाही. शिंप्याचा नियमच होता, बाईमाणसाने हात लावला की मशीन बिघडते. पुढे शिंपी वारला, दुकान बंद झालं. राही पाड्यावर परतली आणि भातशेती सांभाळून आसपासच्या घरांना गोधड्या शिवून देऊ लागली. एका गोधडीला दीड महिना, सगळं काम हातशिलाईचं.

गेल्या ऑगस्टमध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, ती पहिल्यांदा मशीनसमोरच्या स्टुलावर बसली.

मुरबाडच्या एका संस्थेने धसईत बायकांसाठी शिवणवर्ग सुरू केला होता. देवजीच्या भातगिरणीमागची खोली, आठ पायमशिनी, बारा बायका आणि शिकवायला वंदना. वंदना अडतीस वर्षांची, धसईतच शिवणकाम करणारी. गळ्यात कायम टेप, मापात अर्धा सूतही इकडचं तिकडे चालायचं नाही. राहीच्या वाट्याला पाच नंबरची मशीन आली. तिचा पाडा सिद्धगडाकडच्या डोंगरात. तासभर चालून रस्त्याला लागायचं आणि मिळेल त्या गाडीने धसई गाठायची. एक दिवसही तिचा खाडा नव्हता.

पहिला महिना पायपट्टीशी झटण्यात गेला. पाय दाबला की चाक उलटं फिरे आणि दोरा तुटे.

"मावशी, तुमची गाडी कायम रिव्हर्समधी कशी?" वंदना विचारायची.

"बैल नवा हाय गो. वळायला टाइम घेतो," राही म्हणायची आणि पुन्हा दोरा ओवायची.

ऑक्टोबरात तिची शिलाई सरळ पडू लागली. नोव्हेंबरात तिने स्वतःसाठी ब्लाउज बेतला. निळ्या रंगाचा. त्याची एक बाही लागली आणि त्याच आठवड्यात मशिनी बंद पडायला सुरुवात झाली.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. भातकापणी, झोडणी उरकून लोक भात घेऊन गिरणीवर येत होते आणि देवजीची गिरणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू होती. कोंड्याची बारीक पूड भिंतीतल्या फटींतून खोलीत यायची, मशीनच्या तेलावर बसायची आणि बॉबीनच्या घरात तिचा लगदा व्हायचा. संस्थेने दिलेली प्लास्टिकची कव्हरं पावसाळ्यातच काढून टाकावी लागली होती. आत घाम धरून सुईखालच्या पट्ट्यांना गंज चढला होता, शिवाय रिळाच्या दांडीने प्रत्येक कव्हराला वरून भोक पाडलं होतं. मग मशिनींवर जुन्या साड्या टाकल्या. एकपदरी साडीतून पूड चाळणीतून गाळावी तशी खाली उतरली.

अठ्ठावीस नोव्हेंबरला संस्थेचे पर्यवेक्षक आले. त्यांनी तीन मशिनी उघडल्या. तिन्हींत कोंडा.

"मशिनी इथं टिकणार नाहीत," ते म्हणाले. "चौदा डिसेंबरला टेम्पो घेऊन येतो. तोवर काही सुधारणा दिसली तर ठीक, नाहीतर वर्ग मुरबाडला. ज्यांना यायचंय त्यांनी तिकडं या."

बाराजणींपैकी आठजणी मुरबाडला जाऊ शकत होत्या. राही जाऊ शकत नव्हती. धसईहून पुन्हा एसटी धरायची, तर संध्याकाळच्या आत पाड्यावर पोहोचणं शक्य नव्हतं. मशिनी गेल्या की तिचं शिकणं एका बाहीवर थांबणार होतं.

पर्यवेक्षक गेल्यावर ती पाच नंबरची मशीन फडक्याने पुसत बसली. मग वंदनेला म्हणाली, "हिला गोधडी शिवू."

"मशीनला?"

"चार पदरी. टाके जवळजवळ घातले का पूड जाईल कुठनं? ती कपड्यातच अडकंल. सुती हाय, घाम पन नाय धरायची."

दारात उभ्या देवजीने हे ऐकलं. हा पन्नाशीचा गिरणीवाला दिवसभर कोंड्याने पांढरा झालेला असायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणा मारल्याशिवाय सोडत नसे. "राहीबाय, मशिनीला थंडी वाजते का गो? शेकोटी पेटवू?"

"तू कोंडा आवर रे आधी," राही म्हणाली.

वंदनेने रीतसर माप घेतलं. पुढून वर जाऊन मागे उतरणारा एक लांब पट्टा आणि बाजूंचे दोन तुकडे. चाकाच्या बाजूला जास्त जागा, रिळाच्या दांडीवर जाड चौकोनी ठिगळ. चार पदर एकावर एक ठेवून तिने मापाबरहुकूम कापले आणि राहीच्या हाती दिले. राहीने ते पाड्यावर नेले आणि चार दिवसांत टाके घालून आणले.

कव्हर मशीनवर चढेना. पट्टा दीड इंच तोकडा, बाजूचे तुकडे चाकापाशीच अडकले. वंदनेने टेप लावली, पुन्हा लावली.

"मावशी, मी तर बरोबर कापलं होतं."

"कापलं बरोबरच. टाका आवळला का कपडा आत येतोच ना."

"मग सांगितलं का नाही?"

राही गोधडी वितीने मोजायची, तीही ढोबळ. अंगावर घ्यायची वस्तू चार बोटं कमी झाली तर कोणी तक्रार करत नाही. तीस वर्षांत तिला आक्रसण्याचा हिशेब करावा लागला नव्हता आणि वंदनेने आयुष्यात गोधडी शिवली नव्हती. एकीने आधी कापलं, दुसरीने नंतर टाके घातले आणि चूक दोघींच्या मध्ये होऊन गेली.

"आता आधी गोधडी शिवायची," वंदना म्हणाली. "मोठी. मग तिच्यातून तुकडे कापायचे."

राहीने मान हलवली. "शिवलेल्या गोधडीला कातर लावायची नाय. आईनं सांगितलंय."

"का पण?"

"का म्हंजे? दोरा लांबच लांब एकच आसतो. एके ठिकानी कापला का सगळे टाके सुटत जातात. मग गोधडी हातात चिंध्या होऊन येते."

दहा-अकरा दिवस उरले होते. राहीची नजर पाच नंबरच्या मशीनवर होती. ती म्हणाली, "वंदना, कापायच्या रेघेच्या दोन्ही अंगांनी मशीन मारली तर?"

वंदनेने खडू उचलला. तोकड्या कव्हराच्या एका कोपऱ्यावर तिने रेघ ओढली. राही स्टुलावर बसली. चार पदरांत सुई अडत होती, म्हणून तिने सुरुवातीला चाक हाताने फिरवलं, मग पायपट्टीवर पाय ठेवला. चाक पुढेच गेलं. रेघेच्या डावीकडे दोन शिलाया, उजवीकडे दोन. मग वंदनेने कातर पुढे केली. राहीने ती घेतली, क्षणभर थांबली आणि मधोमध कापलं. तिने कापलेली कड नखाने उसवून पाहिली. एकही टाका सुटला नाही.

"आईच्या टायमाला मशीन कुठं व्हती," ती म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी बाराही जणी घरून जुनी लुगडी, साड्या घेऊन आल्या. वंदनेच्या सासूने आपल्या पांढऱ्या साड्या दिल्या. त्या राहीने आतल्या बाजूला लावल्या, म्हणजे पूड आत उतरलीच तर लगेच दिसेल. खोलीतल्या मशिनी भिंतीला लावून जमिनीवर गोधडी अंथरली गेली आणि आता वर्ग राही घेऊ लागली. कडेपासून फेर धरायचा, फेऱ्याफेऱ्याने आत यायचं, दोन फेऱ्यांत बोटाचं अंतर. ज्यांचं अंतर जास्त पडलं त्यांचे टाके तिने उसवायला लावले. त्यात वंदनेचेही होते.

"मावशी, अर्ध्या बोटाचा तर फरक आहे!"

"तू अर्ध्या सुतासाठी माझी बाही दोनदा उसवलीस. इसरली का?"

बायका हसत सुटल्या. वंदनेने निमूट टाके उसवले.

दोन दिवसांत एक गोधडी, एका गोधडीतून दोन कव्हरं. आखणी वंदनेची, रेघेच्या दोन्ही अंगांच्या शिलाया राहीच्या. कडांना साड्यांचे काठ लावले, बाजूंना बांधायला नाड्या. तेरा तारखेच्या दुपारी आठवं कव्हर आठव्या मशीनवर बसलं.

चौदाला पर्यवेक्षक आले ते टेम्पो घेऊनच. ड्रायव्हरने मागचं फळकूट खाली सोडून ठेवलं. पर्यवेक्षकांनी दोन मशिनी उघडून पाहिल्या. स्वच्छ होत्या. तरी त्यांचं समाधान झालं नाही.

"आज येणार म्हणून पुसून ठेवल्या असतील."

वंदना काही बोलायच्या आत राही पुढे झाली. तिने काळ्या अस्तराचे दोन तुकडे आणले. एक पाच नंबरच्या कव्हराखाली मशीनला लागून ठेवला, दुसरा शेजारच्या स्टुलावर उघडा. मग दारातून ओरडली, "देवजी, गिरनी चालू कर. फुल!"

"भात कुनाचं घालू?"

"तुझं घाल!"

बाहेर रांगेत पाच-सहा पोती होतीच. गिरणी तासभर चालली. पर्यवेक्षकांनी चहा घेतला. कपावर साय धरावी तशी पूड धरली, तेव्हा त्यांनी दुसरा नाकारला. तासाने स्टुलावरचं अस्तर राखेच्या रंगाचं झालं होतं. राहीने पाच नंबरच्या नाड्या सोडल्या, कव्हर उचललं आणि आतला तुकडा पर्यवेक्षकांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खिडकीपाशी नेला, उलटा-सुलटा केला, बोट फिरवून बोट पाहिलं. काळं ते काळंच होतं.

त्यांनी भेटीची वही उघडली आणि उभ्यानेच शेरा लिहिला. वंदनेने तो मोठ्याने वाचला: "यंत्रे स्वच्छ आढळली. वर्ग धसई येथेच चालू ठेवावा."

"परत वाच," राही म्हणाली. वंदनेने परत वाचला. बाहेर ड्रायव्हर टेम्पोचं फळकूट लावत होता.

निघताना पर्यवेक्षकांनी विचारलं, "मुरबाडच्या आमच्या मशिनींना अशी कव्हरं करून द्याल?"

"करून नाय देनार. शिकवीन," राही म्हणाली. "तिकडच्या बायांना इथं पाठवा."

गिरणी थांबली होती. देवजी अंग झटकत दारात आला. "राहीबाय, माझ्या गिरनीच्या मोटारीला पन एक शिव गो."

"तुझ्या मोटारीला कशाला? तिला कुठं थंडी वाजते?"

बारा बायकांच्या हसण्यात देवजीही हसला. राहीने कव्हराची घडी घातली, ती स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर बसली. पिशवीतून निळा ब्लाउज काढला. दुसरी बाही टाचणीने लावून तयारच होती. तिने सुईखाली कापड सरकवलं आणि पाय दाबला.